देवाचे डोळे आणि नानाजींचं कुलूप

शेड झाडली की भुसा, माती, चिंध्या सगळं निघून जातं. किस्से तेवढे कोपऱ्यात साचत राहतात! चहाला चार माणसं जमली की कुणीतरी एखादा उकरून काढतोच.

आर्णीतल्या कापसाच्या एका जुन्या जिनिंग कारखान्यामागं आमची ही शेड. मूर्तिकार देवराव, बांबूकामवाले गजूभाऊ, कशिदा भरणाऱ्या सक्कूबाई आणि बोर्ड रंगवणारा मी, असे चौघे तिथं काम करतो. शेड नानाजींची, त्यांनीच आपणहून वापरायला दिलेली. यंदा मात्र त्यांचा निरोप आला, "गणपती झाले की खाली करा. मले सोयाबीन ठेवाचं हाय."

झालं! देवरावांच्या ठेंगण्या घरात तर मोठा गणपती उभासुद्धा राहत नाही. आमचा सगळ्यांचा जीव टांगणीला लागला.

*

त्याच दिवसांत गजूभाऊंनी धान्याची मोठी कणगी विणायला घेतली. एकदा हात चालू लागला की हा माणूस मान वर करत नाही. न्यायला ट्रॅक्टर आला तेव्हा कळलं, कणगी दारातून निघतच नाही! आडवी केली, तिरपी केली. गजूभाऊ घामाघूम.

कोपऱ्यातून सक्कूबाई म्हणाल्या, "राहू द्या भाऊ. मालकानं हाकललं तं इच्यातच राहू!"

हसलो सगळे, पण जरा कसंनुसंच.

*

एकदा मी अप्पांच्या पिठाच्या गिरणीचा ओला बोर्ड चुकून गणपतीच्या पाठीला टेकवून ठेवला. उचलून बघतो तर देवाच्या पाठीवर उलटी अक्षरं, 'अप्पाची चक्की'!

देवराव तापले. "देवाच्या पाठीवर जाहिरात करून राह्यला काय बे?"

तेवढ्यात बोर्ड न्यायला खुद्द अप्पा हजर. पाठ बघून म्हणाले, "नाव माह्यं हाय ना? मंग हा गणपती दुसऱ्या कोनाले देऊ नका!"

आणि तोच घेऊन गेले.

*

देवराव मूर्तीचे डोळे शेवटी काढतात आणि आरशात बघून तपासतात. बुबुळ जरा जरी सरकलं तर आरशात लगेच दिसतं. तो आरसा गजूभाऊंच्या लांब बांबूनं फुटला. चौकट निखळली, कोपरा उडाला. देवरावांचा चेहरा बघवेना.

सक्कूबाईंनी मात्र तुकडे वेचून पिशवीवर कशिद्यात बसवले. देवराव म्हणाले, "वा! आता देवाचे डोळे पाहाले तुमची पिशवी मागतो!"

तेव्हापासून उरलेला बिनचौकटीचा आरसा कुणीतरी दोन्ही हातांनी धरून उभं राहायचं.

*

डोळे काढताना शेडमध्ये कुणी बोलायचं नाही, असा देवरावांचा नियम. एक डोळा झाला की दुसरा पुरा होईस्तोवर थांबायचंही नाही. यंदा मोठ्या गणपतीचा एक डोळा झाला होता. आरसा माझ्या हातात होता. आणि गणपती व्हायच्या आधीच दारात नानाजी उभे, हातात नवंकोरं कुलूप!

त्यांनी तोंड उघडलं तशी सक्कूबाईंनी ओठावर बोट ठेवलं. नानाजी गप्प झाले आणि पुढं येऊन बघू लागले.

नेमका बांबूचा भुसा माझ्या नाकात गेला. शिंक आवरेना! मी आरसा शेजारच्या हातांत कोंबला आणि बाहेर पळालो. शेजारी नानाजीच होते.

परत येऊन बघतो तर कुलूप खिशात, आरसा हातात. देवरावांनी मान वळवली नव्हती. त्यांना वाटत होतं, मीच आहे.

"हालू नको बे गधड्या!"

नानाजी हलले नाहीत.

"वर घे. अजून वर! सकाळी जेवला नाही काय?"

नानाजींनी निमूटपणे आरसा वर घेतला. गजूभाऊंनी डोळे मिटून घेतले. मला वाटलं, गेली शेड!

दुसरा डोळा झाला. देवराव वळले आणि त्यांच्या हातातला ब्रश खाली पडला.

"नानाजी, तुमी?"

नानाजी गणपतीच्या नव्या डोळ्यांकडे बघत राहिले. मग आरसा जपून भिंतीला टेकवला, खिशातून कुलूप काढून तिथंच अडकून पडलेल्या कणगीत टाकलं आणि दंड चोळत दाराकडे निघाले.

दारात थांबून म्हणाले, "देवराव, आरसा लई जड हाय. पुढल्या साली हलका आन. मले धरवत नाही!"