आईंच्या रक्तातलं उजवं सेरीन

परळच्या ज्या प्रयोगशाळेत मी काम करते, तिथे आम्ही रक्तातली अमिनो आम्लं वेगळी करतो. त्यातलं सेरीन दोन रूपांत सापडतं, आपल्या हातांसारखं. डावं आणि उजवं. घटक तेच, वजनही तेच, पण एक दुसऱ्याचं आरशातलं प्रतिबिंब. रक्तात जवळजवळ सगळं डावंच असतं. उजव्याचं प्रमाण वाढलं की मूत्रपिंडांबद्दल शंका येते.

तुलनेसाठी निरोगी माणसांचं रक्त हवं होतं. लालबागला घरी मी सासूबाईंना, म्हणजे आईंना, विचारलं. त्या कधी साध्या तापानेही झोपलेल्या मला आठवत नव्हत्या.

त्यांचा नमुना यंत्रात गेला. बारीक नळीतून जाताना उजवं रूप आतल्या थराला जास्त वेळ धरून राहतं, मागून बाहेर पडतं. पडद्यावर आधी डाव्याचा मोठा उंचवटा उमटतो, मग उजव्याचा अगदी छोटा. आईंचा दुसरा उंचवटा छोटा नव्हता.

मला वाटलं, मोठ्याचं शेपूट छोट्यात मिसळलं असणार. नळी धुतली, तापमान उतरवलं, प्रवाह मंद केला आणि उरलेलं रक्त पुन्हा लावलं. या वेळी दोन्ही उंचवटे स्वच्छ वेगळे झाले, मधली रेष तळाला टेकली. चूक माझी असती तर किती बरं झालं असतं.

आमच्या प्रमुख बाईंनी बजावलं, की ही संशोधनाची चाचणी आहे, यावरून आजाराचं नाव घ्यायचं नाही. आधी नेहमीची रक्त-लघवी तपासून घे.

घरी सांगितलं तेव्हा आई म्हणाल्या, "माका काय धाड भरली हा?"

काही औषध घेता का, म्हणून मी खोदून विचारलं. गुडघ्यांसाठी त्या केमिस्टकडून दुखण्यावरच्या गोळ्या आणत होत्या. रोज, कित्येक वर्षं. एका घरात राहून मला पत्ता नव्हता.

शीवच्या इस्पितळात डॉक्टर रिपोर्ट वाचत होते आणि आईंनी माझं मनगट घट्ट धरलं होतं. मूत्रपिंडांना इजा झालीय, पण डायलिसिसची वेळ आलेली नाही, ते म्हणाले. गोळ्या मात्र आजपासून बंद.

बाहेर आल्यावर आई बाकावर बसल्या. "मग गुडघ्यांचा काय करू?"

आता आई चाळीचा जिना कठडा धरून, एका अंगाने वळून उतरतात. मी एक पायरी पुढे असते.