अभयारण्यातलं सरपण

आत्यांना डोंगरावर नेलं की त्या डोंगर सोडून जमीन बघत. समोर चितळांचा कळप चरतोय, माझी लेक मुक्ता श्वास रोखून उभी आहे, नवरा हळूच मोबाइल काढतोय, आणि एवढ्यात मागून कडाड् असा आवाज येई. आत्यांनी वाळकी फांदी गुडघ्यावर धरून मोडलेली असे. कळप पसार, मुक्ता रडवेली. आत्या मात्र ते दोन तुकडे काखेत मारून विचारत, "थांबलाय का रं समदी? चला की."

आत्या म्हणजे माझ्या सासूबाई, सोनाबाई. आमच्याकडे सासूला आत्याच म्हणतात. त्यांचं माहेर आणि सासर दोन्ही माण तालुक्यात, दहिवडीच्या पलीकडं. माहेरी मेंढरं, सासरी कोरडवाहू रान, सासरे जन्मभर मुंबईला गोदीत. ते गेल्यावर सुनीलनं, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, आईला कराडला आमच्या फ्लॅटवर आणलं. मी शाळेत इतिहास शिकवते. रविवारी लेकीला घेऊन पायी हिंडायचं आणि तिला जुनं दगडकाम दाखवायचं, हा माझा हट्ट. त्यासाठी सागरेश्वरचं अभयारण्य आम्हाला सोयीचं. जिल्हा सांगली, पण सकाळी निघालं की न्याहारीला तिथं. झाडी दाट, हरणं दिसतात, आणि मधूनमधून जुनी देवळं, काही धड, काही पडकी. वाटा अशा की लहान मूल चालतं आणि म्हातारं माणूसही चालतं. या शेवटच्या सोयीनं माझा जीव खाल्ला.

पहिल्याच खेपेला फाटकावर वनरक्षकानं आम्हाला अडवलं. आत्यांच्या काखेत चांगली मोळीभर लाकडं होती.

"आजी, ते खाली ठेवा. इथनं पान बी न्यायचं न्हाई."

"पान कोण न्हेतंय? ह्यो वाळका बडगा हाय."

"वाळकं बी न्हाई. ते कुजून मातीत जातं. किडामुंगी त्याच्यावर जगती."

"म्हंजी किडामुंगीला सरपान, आन मानसानं काय करायचं?"

"तुमच्या घरी गॅस न्हाई का?"

"हाय की," आत्या अभिमानानं म्हणाल्या. "दोन टाक्या हाईत."

सुनीलचे कान लाल झाले. त्यानं आईच्या काखेतली लाकडं काढून झाडाखाली ठेवली आणि गाडीत जाऊन बसला. घरी पोचेपर्यंत मी आत्यांना अभयारण्य म्हणजे काय ते समजावत होते. हे जंगल माणसांनी उघड्या डोंगरावर लावून वाढवलंय, प्रत्येकानं एकेक काटकी नेली तर काय होईल, सगळं सांगितलं. आत्या मान डोलवत होत्या. शेवटी म्हणाल्या, "तुजं बरूबर हाय."

हे 'तुजं बरूबर हाय' मला पुढं फार महागात पडलं. भांडणारं माणूस परवडतं. आत्या भांडतच नसत. सगळं मान्य करत आणि पुन्हा तेच करत. पुढच्या रविवारी काटक्या चटईच्या गुंडाळीत निघाल्या. त्यानंतरच्या खेपेला मुक्ताच्या पाठीवरच्या पिशवीत, डब्याच्या खाली. मी मुक्तावर ओरडले, तर ती म्हणे, "आजी म्हणाली, मम्मीला दाखवू नकोस, तिचं डोकं दुखतं." डोकं दुखतच होतं.

घरी आलेली लाकडं गॅलरीत रचली जात. त्यांतून वाळवी निघाली आणि चपलांचं कपाट खाऊन गेली. मग आत्यांनी गावाकडचा तांब्याचा बंब आणवला आणि गच्चीवर पेटवला. शेजारच्या बाईंनी वाळत घातलेल्या चादरींना धुराचा वास लागला, आणि सोसायटीच्या बैठकीत सुनीलला उभं राहून माफी मागावी लागली. आत्यांना विचारलं तर म्हणाल्या, "बंबाचं पानी अंगाला लागतंय. तुमचं गॅसचं नुसतं ऊन आसतंय."

त्यांना घरी ठेवून जावं म्हटलं, तर रविवारी सगळ्यांच्या आधी आंघोळ उरकून, नऊवारीखाली कॅनव्हासचे बूट घालून त्या दारात बसलेल्या असत. "घरात बसून मानूस बुरसतंय," म्हणत.

एकदा मी मुक्ताला एका पडक्या देवळाजवळचा वीरगळ समजावून देत होते. खालच्या चौकटीत गाई आणि मरून पडलेला वीर, मधे लढाई, वर त्याला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा. आत्या पहिल्यांदाच मन लावून ऐकत होत्या. मला बरं वाटलं.

"गुरं राखताना मेला व्हय? मग त्येची बायकू कुटं हाय ह्यात?"

मी म्हटलं, ह्या दगडात तिला कोरलेलं नाही.

"आसंल की हितंच कुटंतरी सरपान गोळा करत. मेल्याला जाळाया बी लागतंय."

मुक्ता खिदळली. माझा सगळा वीररस तिथंच विझला.

मग आत्या विसरायला लागल्या. भाजीत दोनदा मीठ पडायचं, गॅस नुसताच चालू राहायचा. एकच प्रश्न सकाळपासून संध्याकाळपर्यंत: "सुन्या जेवला का?" मी सांगायची, जेवला. पुन्हा तेच. माझा आवाज चढत जायचा. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, गोळ्या दिल्या, आणि म्हणाले, चालणं मात्र बंद करू नका. म्हणजे आमचे रविवार चालूच.

दिवाळीनंतरच्या एका रविवारी आम्ही सागरेश्वरला गेलो. मुक्ताला घेऊन सुनील वरच्या टोकाकडं निघाला. मला वाटलं, आत्या त्याच्याबरोबर आहेत. त्याला वाटलं, माझ्याबरोबर. दोघं पुन्हा देवळापाशी भेटलो, तर आत्या कुणाबरोबरच नव्हत्या.

"आये! ए आये!" करत सुनील वाटेनं खाली धावला. त्या बाजूला खोल ओढे आहेत. ऊन चढत होतं, आत्यांना साखरेचा आजार, आणि त्यांची गोळी माझ्याच पिशवीत होती. वनरक्षक शिट्ट्या वाजवत झाडीत शिरले. मुक्ताला मी हिंडायला आलेल्या एका कुटुंबापाशी बसवलं आणि पडक्या देवळाच्या मागं, जिथं वाट नाही, तिथं घुसले. काट्यांनी ओढणी फाटली. हाका मारून घसा बसला. भीती वाटत होती आणि तितकाच संतापही येत होता.

बऱ्याच आत गेल्यावर आत्या दिसल्या. कोसळलेल्या खांबाला टेकून बसल्या होत्या. पायात एकच बूट, पोटऱ्यांवर ओरखडे. शेजारी लाकडांचा हा एवढा भारा, रानवेलीनं आवळून बांधलेला. भारा इतका देखणा बांधला होता की माझा संताप आणखी भडकला.

मी सुरूच झाले. "काय चाललंय तुमचं? किती वेळा सांगायचं? सुनील वेडा झालाय तिकडं! काही झालं असतं म्हणजे?"

आत्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "आलीस व्हय हौसा? कवाधरनं वाट बगतीया. उचलू लाग."

"आत्या, मी हौसा नाही. मी तुमची सून."

"येड लागलंय का गं तुला? ऊन चडाय लागलंय. माजी आय वाट बगत आसंल. उचलू लाग म्हन्ते न्हवं."

लाकडाचा भारा एकट्या बाईला डोक्यावर घेता येत नाही. तो उचलून द्यायला समोर दुसरं माणूस लागतं. रानात गेलेल्या बायका म्हणूनच जोडीनं जात. ते दुसरं माणूस न आल्यामुळं त्या तिथं बसून राहिल्या होत्या. आताशा देवळापर्यंत चढतानाही दोनदा बसणारी ही बाई उठून उभी राहिली, पदराची चुंबळ करून डोक्यावर ठेवली आणि मान ताठ केली.

माझ्यापाशी किडामुंगीपासून कायद्यापर्यंत सगळी कारणं तयार होती. मी वाकले, "काय हे आत्या, काय हे," असं पुटपुटत भारा उचलला आणि त्यांच्या डोक्यावर दिला. तो एवढा जड असेल असं मला वाटलं नव्हतं.

आत्या चालायला लागल्या. एका बुटावर, न अडखळता, उतारावर पाय तिरका टाकत. मी मागं धापा टाकत होते. समोरून सुनील धावत आला आणि आईला बघून जागीच थांबला. त्याला ओरडायचं होतं, ते त्याच्या तोंडावर दिसत होतं. पण तो गावाकडच्या बोलीत म्हणाला, "आये, घर आलं. टाक हितंच." ही बोली त्यानं कराडला आल्यापासून सोडली होती.

आत्यांनी मान कलती केली. सुनीलनं भारा उतरवून घेतला.

फाटकापाशी वनरक्षक म्हणाला, "आजी सापडल्या, बरं झालं. पण ते लाकूड जिथलं तिथं टाकायला लागंल." नियम म्हणजे नियम. आत्यांना पाणी आणि गोळी देऊन मुक्ताजवळ गाडीत बसवलं, वनरक्षकाला लक्ष ठेवायला सांगितलं, आणि नवराबायको मिळून तो भारा पुन्हा वर वाहून नेऊन पसरून आलो. उतरताना मी विचारलं, "हौसा कोण रे?"

"आईची माहेरची मैत्रीण. लग्न होऊन मुंबईला गेली, ती परत भेटलीच नाही."

त्यानंतर आत्यांना डोंगरावर नेलं नाही. घरात मी कधी सून असे, कधी हौसा. पुढं पुढं हौसाच जास्त. गेल्या चैत्रात त्या झोपेतच गेल्या. शेवटपर्यंत त्यांनी मला दमवलं. रात्री जेवण नको म्हणायच्या आणि पहाटे भाकरी मागायच्या. औषधाची गोळी जिभेखाली धरून ठेवायच्या आणि मी वळले की खिडकीबाहेर टाकायच्या. पण आत्या म्हटलं की मला आठवते ती माघातली एक दुपार.

मी चहाचा कप समोर ठेवून त्यांच्याजवळ बसले होते. त्या दिवशी मी हौसा होते. सहज विचारलं, "सून कशी आहे गं तुझी?"

"हाय," आत्या म्हणाल्या. "लय तापट हाय. दिसभर वरडती."

"मग लेकाला सांग की."

"काय सांगू? परक्यावर कोन वरडतंय व्हय? आपल्यावरच वरडतंय मानूस." मग म्हणाल्या, "ती आली म्हंजी मला घरात बरं वाटतंय."

मी कप त्यांच्यापुढं सरकवला. कपावर साय धरली होती आणि त्या त्याला हातही लावत नव्हत्या. सवयीनं माझा आवाज चढला. "अहो आत्या, चहा घ्या ना! किती वेळा सांगायचं?"

आत्या दचकल्या. दाराकडं बघितलं. मग घाईघाईनं कप तोंडाला लावला आणि माझ्या कानाशी वाकून म्हणाल्या, "गप बस हौसा. आली बग ती."