भावानं पास केलेला सर्वो

माझ्या मोठ्या भावाचं धाड गावात मोटार रिवाइंडिंगचं, जळालेल्या मोटारींना नवी तार गुंडाळायचं दुकान आहे. रिमोटच्या विमानांचं वेड घरात त्यानंच आणलं. मी शाळेत मास्तर. सुट्टीच्या दिवशी त्याचं विमान हातातून सोडायचं आणि पडलं की ढेकळांतून वेचून आणायचं, हे माझं काम. मग एका हिवाळ्यात मी स्वतःचं विमान बांधलं. पंख माझ्या उंचीएवढे.

राहिला होता फक्त सर्वो. रिमोटचा इशारा मिळाला की शेपटीची फळी वर-खाली ओढणारी ती एवढीशी मोटार. माझ्याकडे जुन्या विमानातला एक होता, प्लास्टिकच्या दात्यांचा. मी तो भावाकडे नेला.

"भाऊ, एवढ्या शेपटीले हा पुरते का? का मोठा मागवू?"

त्यानं सर्वोचा दांडा दोन बोटांत धरला. मी रिमोटची काडी ओढली. सर्वो नुसता कण्हला, दांडा हलला नाही. भावानं ते कण्हणं नीट ऐकलं.

"पुरते. काऊन उगाच वजन वाढवतं बे?"

मी तोच लावला.

रविवारी सोयाबीन निघालेल्या वावरात बुलढाण्याहून त्याचे मित्र आले. माझी बायको आणि मुलगी डबा घेऊन आल्या होत्या. विमान उठलं, छान वळलं. मुलगी टाळ्या वाजवत होती. तेवढ्यात भाऊ म्हणाला, "आता वर ने अन् सरळ खाली सोड. मंग उचल."

मी सोडलं. वेग चढला. काडी पोटाशी ओढली, पण वाऱ्याच्या दाबापुढे त्या सर्वोला शेपटी हलवता येईना. विमान नाकावर मातीत गेलं. मी अजून काडी ओढूनच उभा होतो आणि मागे हशा पिकला. एकाचा मोबाइल आधीपासूनच वर धरलेला होता.

"तू म्हणलं तसंच झालं बे," तो भावाला म्हणाला. "निघालंच नाही वर."

मी वळलो. "तुले माहीत होतं?"

"हाव. हत्तीच्या शेपटीले उंदीर बांधला तुनं. शाळेत काय शिकवतं पोरांले?"

पुन्हा हसले सगळे. बायकोनं न उघडलेला डबा उचलला. सोमवारी तो व्हिडिओ आमच्या स्टाफरूममध्ये पोचला होता.

मी दुसरं विमान बांधलं. या वेळी धातूच्या दात्यांचा, जाडजूड सर्वो. दांडा बोटांनी अडवायला गेलो तर बोटंच ढकलली गेली. ते उडवत होतो तेव्हा भाऊ न बोलावता आला.

"दे इकडं."

मोठा भाऊ मागतो म्हणून दिला रिमोट. त्यानं विमान खाली सोडलं, उचललं. ते झटक्यात वर आलं. राग असूनही मला बरं वाटलं. त्यानं माझ्या तोंडाकडे पाहिलं. मग विमान आणखी उंच नेलं, पूर्ण जोरात खाली सोडलं आणि काडी एकदम शेवटपर्यंत ओढली. सर्वोनं ऐकलं. त्या झटक्यानं पंख मधोमध काडकन मोडला.

"सर्वो चांगला घेतला," रिमोट माझ्या हातात देत तो म्हणाला. "आता पंखाचं पाह्य." गाडीला किक मारून गेला.

आई म्हणाली, "खेळन्यापायी भांडता का रे?" मी भांडलोच नाही. आता मी धामणगाव बढ्याकडच्या एका माळावर उडवतो. त्याला सांगत नाही. यंदा दिवाळीला एका पंगतीत बसलो असताना त्यानं विचारलं, "बंद केलं ना बे ते?"

"हाव," मी म्हणालो.

त्याचा चेहरा खुलला. त्यानं आणखी एक पुरी मागितली.