मधूने बिया काढल्या होत्या

उशिरा लिहितोय, माफ करा. मधू गेला त्याला आज वर्ष झालं आणि वर्षभर मी तोंड शिवून बसलो.

जे घाटावर बोलायचं होतं ते इथे चारचौघांत लिहावं लागतंय. शर्वरीचा नंबर माझ्याकडे नाही. होता तो जुन्या फोनबरोबर गेला.

शर्वरी म्हणजे मधूची एकुलती मुलगी. वहिनी आधीच गेल्या होत्या.

मधू आणि मी हडपसरच्या कारखान्यात तीस वर्षं एकत्र. तो स्टोअरमध्ये, मी लेथवर. तो बीएस्सी, मी सातवीतून शाळा सोडलेली.

रिटायर झाल्यावर त्याने फळांचं लिकर करायचा नाद धरला. दर जूनला मंडईतून जांभळं आणायची आणि बरणीत पांढऱ्या रममध्ये बुडवायची.

मी एकदा चुकून वाईन म्हणालो.

"वाईन आंबवतात, बबन. हे मुरवतात. दही आणि लोणचं यातला फरक कळतो ना तुला?"

बरणी कोरडी ठक्क हवी. जांभळं धुऊन पंच्यावर एकेक पुसायची. मी एकदा ओला चमचा घातला, तर दोन दिवस बोलला नाही.

शंभर दिवस अंधारात ठेवायचं. मग मलमलच्या कापडातून गाळायचं आणि चव बघत बघत साखरेचा पाक घालायचा. दिवाळीला मित्रांना एकेक छोटी बाटली.

चव तुरट असायची. आम्ही गप्प प्यायचो.

शर्वरी गप्प बसणारी नव्हती. फूड टेक्नॉलॉजी शिकलेली. तीन दिवाळ्यांमागे माझ्यासमोरच म्हणाली, "बाबा, बियांसकट मुरवता म्हणून तुरट होतं. बिया काढा. आमच्या लॅबमध्ये आम्ही हे करून बघितलंय."

"लॅबमध्ये पिता का तुम्ही?"

"चेष्टा नको. एकदा माझ्या पद्धतीने करा ना."

"तुझी पद्धत तुझ्या घरी."

ती उठली, पर्स घेतली आणि गेली. त्यानंतर दीड वर्ष फोन बंद. हिचाही, त्याचाही.

बियांवरून? हो, बियांवरून. पुण्यात याहून लहान गोष्टींवरून लोकांनी जन्मभर बोलणं टाकलंय.

मी मध्ये पडायला हवं होतं. पडलो नाही. मला वाटलं, आपण काय बोलणार शिकलेल्या लोकांत.

मग गेल्या वर्षीच्या जूनमध्ये मधूचा फोन आला. "सुरी घेऊन ये. धार असलेली."

गेलो तर दोन किलो जांभळं पुसून मांडलेली. म्हणाला, "चीर. बी काढ. गर वाया घालवू नकोस."

त्याच्या हाताला तेव्हा कंप सुटलेला. एका जांभळाला मिनिट लागायचं. दुपारभर चिरत बसलो. दोघांचे हात मनगटापर्यंत जांभळे.

मी म्हणालो, "मध्या, शर्वरीला फोन कर की."

"बाटली मिळाली की कळेल तिला. जीभ आहे तिला."

"अरे, पण तोंडाने एक शब्द..."

"बबन, सुरीकडे लक्ष दे."

बरणी माझ्या घरी ठेवली. त्याचा वाघोलीचा भाऊ माळकरी, अधूनमधून राहायला यायचा. त्याच्या डोळ्यांसमोर नको म्हणून माझ्या कपाटात.

चाळीस दिवसही झाले नसतील. सकाळी चहाचा कप हातात असताना मधू गेला. हार्ट.

दहाव्याला घाटावर पिंड ठेवला. कावळा शिवेना.

भाऊ म्हणाला, "मधू, घराची काळजी करू नको." काही नाही.

"शर्वरीला अंतर देणार नाही." काही नाही. एक कावळा जवळ आला आणि परत गेला.

मग शर्वरी हात जोडून हळूच म्हणाली, "बाबा, माझं चुकलं. आता तरी राग सोडा."

मी तिच्यापासून चार हातांवर उभा होतो. मला फक्त एवढंच म्हणायचं होतं, "पोरी, त्याने बिया काढल्यात."

नाही म्हणालो. गुरुजी होते, माळकरी भाऊ होता, पिंडासमोर दारूचा विषय कसा काढायचा, लोक काय म्हणतील. मी नुसता खाकरलो.

शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववला. शर्वरी मान खाली घालून निघून गेली.

कावळ्याचं खरंखोटं मला कळत नाही. पण तिचा चेहरा मी पाहिला होता.

पुढे आज करू, उद्या करू. ती नोकरीसाठी बंगळूरला गेली. माझा फोन बंद पडला.

भावाकडे नंबर मागितला. "कशाला हवाय?" म्हणाला.

मी घाबरून म्हणालो, "सहज."

"मग देईन सहज कधीतरी."

अजून दिलेला नाही. चूक माझीच आहे.

शंभराव्या दिवशी मी एकट्याने गाळलं. तीन बाटल्या भरल्या. पाक घातलेला नाही. किती घालायचा ते मला येत नाही, आणि बिघडवला तर परत कुणाकडून करून घेणार?

आमची ही रोज म्हणते, "अहो, एक तर प्या, नाहीतर पोरीला नेऊन द्या. देव असल्यासारखं काय जपताय?"

शर्वरी, हे वाचत असशील तर नीट वाच. दोन किलो जांभळं होती. एकेक चिरून बी काढली. तुझ्याच पद्धतीने. बियांचं पातेलं मी माझ्या हाताने ओतलं. त्याला राग नव्हता गं. फक्त बोलता येत नव्हतं.

पाक तू येऊन घाल.

मधू, मित्रा, तुला हात जोडतो. तुझा निरोप पोचवायला मी वर्ष लावलं.

कुणाच्या ओळखीत शर्वरी असेल तर तिला हे दाखवा, शेअर करा. पोरी, एक मेसेज कर, नुसतं "वाचलं" म्हण. माझंही वय झालंय. लवकर कळव.