बालवाडीची भिंत

महाडच्या स्टँडमागे ट्रकांवर नावं रंगवणारा एक ख्रिस्ती पेंटर होता. बोलायच्या आधी ब्रश कानामागे खोचायची त्याला सवय. आमच्या बालवाडीत येणारी त्याची मुलगी तापानं गेली आणि त्यानं ब्रश ठेवला. दोन वर्षं तो नुसते ट्रक धूत राहिला.

एका सकाळी तो शाळेत आला आणि बालवाडीच्या भिंतीवर खंड्या पक्षी काढू लागला. मी जवळ गेलो.

ब्रश कानामागे गेला. "गुरुजी, दोन वर्षं देवाला शिव्या घातल्या. तरी त्यानं मला सोडला नाय. काल प्रार्थनेत पहिल्यांदा रडलो. उठलो तं हात शिवशिवत होते."

मग मुलांकडे वळून त्यानं विचारलं, "चोच कंची, लाल की केशरी?"

मुलं भांडू लागली. मी तास सोडून, त्याच्या देवाचे आभार मानत तिथंच उभा राहिलो.