क्लोनडॉकिनच्या घरातलं पहिलं वर्ष

डब्लिनमधल्या सिटीवेस्टचा फ्लॅट सोडला त्या दिवशी माझ्याजवळ दोन बॅगा आणि एक कुकर होता. माझ्या दोघी फ्लॅटमेट, एक पुण्याची आणि एक नागपूरची, मला गाडीने सोडायला आल्या. मी नोकरी सोडून सिस्टर, म्हणजे नन, व्हायला चालले आहे हे त्यांना सहा महिने माहीत होतं, पण बहुधा त्यांनी ते एखाद्या कोर्ससारखं धरलं होतं. क्लोनडॉकिनला सिस्टरांच्या घरापुढे गाडी थांबवून पुण्याची म्हणाली, "अगं, पत्ता बघ एकदा. हे तर साधं घर आहे."

मी आधी दोनदा तिथे चहाला येऊन गेले होते. तरी तिच्या नजरेने पाहिल्यावर मीही गोंधळले. मी वसईची. आमच्याकडे कॉन्व्हेंट म्हणजे मोठं फाटक, आत शाळा, झग्यातल्या सिस्टर. इथे दोन्ही बाजूंना अगदी तसलीच घरं, दारात कचऱ्याचे डबे, आणि दार उघडायला आलेल्या सिस्टर स्वेटर-पँटमध्ये. गळ्यात बारीकसा क्रूस, एवढीच खूण.

घरात चार सिस्टर होत्या. दार उघडणाऱ्या एकाहत्तर वर्षांच्या, म्हणजे सगळ्यांत तरुण, म्हणून मला तयार करायचं काम त्यांच्याकडे आलं होतं. कित्येक वर्षांत या संस्थेत इथून कुणी दाखल झालं नव्हतं. त्यांनी कपाटातून टाइप केलेली जुनी फाइल काढली. जिन्यावरून धावू नये, आलेली पत्रं आधी मदरना दाखवावीत, असलं काहीबाही त्यात होतं. दोन पानं वाचून त्यांनी ती मिटली. "हे राहू दे. तुला कसं शिकवायचं ते आधी मलाच शिकावं लागेल."

ऑफिसात रोज सकाळी माझ्यासमोर कामांची यादी असायची. इथे मी विचारायचे, "आज मी काय करू?" त्या म्हणायच्या, "जे पडलं असेल ते. यू आर ग्रँड." म्हणजे इथल्या बोलीत, काळजी नको, ठीक चाललंय. पडलेलं काय, तेच मला कळायचं नाही. पहिल्याच आठवड्यात एक सिस्टर म्हणाल्या, या चादरी हॉट प्रेसमध्ये टाक. मी अकरा चादरींना कडक इस्त्री केली. आयर्लंडात प्रेस म्हणजे कपाट आणि हॉट प्रेस म्हणजे गरम पाण्याच्या टाकीजवळचं कपडे ठेवायचं कपाट, हे मला तेव्हा कळलं. इतकी वर्षं डब्लिनमध्ये राहूनही मी पुणे-नागपूरच्याच घरात राहत होते म्हणायची.

दर रविवारी आईचा व्हिडिओ कॉल यायचा.

"झगा कधी देणार गं?"

"आई, यांच्यात झगा नसतो."

"मग लोकांना कळणार कसं, तू सिस्टर आहेस ते?"

"अजून झालेच नाहीये मी."

"मग आहेस कोण तू आत्ता?"

सकाळी सगळ्यांबरोबर प्रार्थनेला बसायचे तेव्हा मन कुठेतरी भलतीकडेच असायचं. भाजी चिरताना मात्र कधीकधी एकदम आतून भरून यायचं, आणि ते देवाचं की नुसतंच घरच्या आठवणीचं, हे ओळखू यायचं नाही.

सगळ्यांत म्हाताऱ्या सिस्टर नव्वदीच्या होत्या, विसराळू झालेल्या. त्यांना हॉस्पिटलात न्यायचं काम माझं. तिथले अर्धेअधिक डॉक्टर-नर्स भारतीय, त्यामुळे मीही त्यांतलीच, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. एकदा वेटिंग रूममध्ये त्यांनी माझा हात थोपटून विचारलं, "तुझी ड्युटी किती वाजता संपते?"

"सिस्टर, मी तुमच्याच घरी राहते. मी सिस्टर व्हायला आलेय."

त्या माझ्याकडे वळल्या. डोळे एकदम स्वच्छ. "कशाला?"

टोमणा नव्हता, खरंच जाणून घ्यायचं होतं त्यांना. मग त्याच म्हणाल्या, "माझं भावाच्या बायकोशी पटत नव्हतं. आणि शाळेतल्या एक सिस्टर पियानो फार सुंदर वाजवायच्या. म्हणून आले."

घरी येऊन मी हे मला शिकवणाऱ्या सिस्टरना सांगितलं. त्या हसल्या. "मला सांगितलं होतं, आईने नवस केला म्हणून आले. दर वेळी वेगळं कारण असतं त्यांचं." मला वाटलं, आता तरी त्या खरं कारण काय असतं ते सांगतील. त्यांनी किटली लावली.

वर्ष संपताना पुढच्या टप्प्यासाठी, म्हणजे नोव्हिस, व्रतं घेण्याआधीची शिकाऊ सिस्टर, होण्यासाठी, मला अर्ज लिहायचा होता. तीनदा लिहिला, तिन्ही वेळा तो नोकरीच्या अर्जासारखा झाला. शेवटी चारच ओळी लिहिल्या. मी का आले ते मला नीट सांगता येत नाही. रोज वाटतं की आपण चुकलो. पण इथून जावंसं एकदाही वाटलेलं नाही. मला घ्यावं ही विनंती.

सिस्टरनी वाचलं आणि पाकिटात घातलं.

"एवढंच? मला काही विचारणार नाही?" मी चिडूनच म्हणाले.

"काय विचारू? तुला माहीत नाही, हे तू लिहिलंच आहेस."

महिन्याभराने उत्तर आलं. मला घेतलं होतं. पण आयर्लंडातलं नोव्हिसांचं घर केव्हाच बंद पडलं होतं. आता संस्थेचं तसं एक घर भारतात होतं, पुण्याच्या बाहेर. दोन वर्षं मला तिथे जायचं होतं.

मी आईला फोन केला. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मग एवढ्या लांब गेलीसच कशाला? पुणं इथून चार तासांवर आहे."

"मला काय माहीत होतं, आई?"

मागून डॅडींनी फोन घेतला. वर्षभर त्यांनी या विषयावर चकार शब्द काढला नव्हता. घसा खाकरून त्यांनी विचारलं, "तिथे रविवारी भेटायला येऊ देतात का?"

मला ठाऊक नव्हतं. थांबा म्हटलं आणि स्वयंपाकघरात जाऊन सिस्टरना विचारलं. त्यांनाही ठाऊक नव्हतं. त्यांनी ओले हात पुसले आणि ती जुनी फाइल पुन्हा शोधायला लागल्या.