दुसरीचं लुगडं

फोन आला तेव्हा मी परभणीत, शाळेत, वर्गावर होते. दादा शाळेच्या वेळेत कधी फोन करत नाही, त्यामुळे वर्गाबाहेर येऊन लगेच उचलला. "आत्या गेली," एवढंच म्हणाला. मी वेड्यासारखं विचारलं, कुठल्या दवाखान्यात? दवाखाना कसला, आखाड्यावरच, तो म्हणाला. सकाळी धार काढून आली, बाजेवर टेकली, गड्याला चहा ठेवायला सांगितला... चहा होईपर्यंतसुद्धा थांबली नाही. कौसाआत्याला कशासाठीही थांबायची सवय नव्हतीच म्हणा.

आखाडा म्हटलं की बाहेरच्या माणसाला कुस्ती आठवते. आमच्या पालमकडं आखाडा म्हणजे गावापासून लांब, शेतातलं गुरांचं ठाणं. गोठे, विहीर, कडब्याच्या गंजी, गड्यांच्या खोल्या. आमच्या आजोबांच्या आखाड्यावर लाल कंधारी गाईंचा मोठा कळप होता. आत्याच्या जन्माच्या वेळीच आजी गेली. घरातल्या बायका म्हणाल्या, पोर आमच्याजवळ द्या. आजोबांनी ऐकलं नाही. तिला उचलली आणि आखाड्यावर नेली. मोठा भाऊ, म्हणजे माझे वडील, गावात राहून शाळेत गेले आणि ही वासरांत वाढली. चालायला वासराच्या मानेला धरून शिकली, असं आजोबा सांगायचे. बसायला मात्र ती थेट घोडीवरच शिकली असावी, कारण जमिनीवर तिला मी फारसं बसलेलं पाहिलंच नाही.

गोदावरीला आम्ही गंगाच म्हणतो. एका पावसाळ्यात गंगेला अचानक पाणी आलं आणि आमची गुरं पलीकडच्या वाळवंटावर अडकली. काठावर बापेमाणसं जमून सल्ले देत होती. आत्यानं कासोटा खोचला, पोहत पलीकडं गेली, म्होरक्या गाईला पाण्यात लोटलं आणि तिचं शेपूट धरून सगळा कळप पाठोपाठ पाण्यात घातला. पण धारेनं ती अशी काही वाहवत गेली की लागली खालच्या कुठल्यातरी गावाला. इकडं घरात रडारड. आत्या त्या गावात कुणाकडं तरी भाकरी खाऊन, निवांत झोपून, दुसऱ्या दिवशी सगळी गुरं हाकत परत आली आणि दारात जमलेल्या बायकांना म्हणाली, तुमी समद्या इथं बसल्यात, मग धारा कोण काढायलंय? वडील हे सांगताना हसायचे आणि मग एकदम विषय बदलायचे.

विषय बदलायचे, कारण पुढं सेलूचं प्रकरण यायचं. आत्याला सेलूला दिली होती. कापसाच्या जिनिंगवर मुनीमकी करणारी माणसं, गल्लीत घर, घराला एकच दार. वर्ष-दीड वर्ष कशीबशी नांदली आणि सासरच्यांनी आणून घातली ती कायमची. का, हे आम्हा पोरांना कुणी धड सांगितलं नाही. भर बाजारात तिनं काहीतरी तमाशा केला, एवढंच कानावर. आत्याला विचारलं तर ती म्हणायची, "त्यायला घर लहान पडत व्हतं गं माझ्यासाठी," आणि गोठ्यात निघून जायची. त्यानंतर ती आखाड्यावरून हलली नाही, असं लिहायला गेले होते, पण ते खोटं ठरेल. इतकी हललेली बाई आमच्या घराण्यात दुसरी नाही. घोडीवरून पालमच्या बाजाराला जायची. जीप घेतली तेव्हा दादाच्या आधी ती शिकली. साठी उलटल्यावर विकलेल्या गाई पोचवायला मालट्रकमध्ये बसून थेट राजस्थानात गेली, तिथं उंटावर बसली आणि आल्यावर म्हणाली की उंटाला पाय लय, अक्कल कमी.

माझ्या लग्नात मी तिला मोठ्या हौसेनं शालू घेतला होता. तिनं त्याच्यावरून हात फिरवला आणि घडी तशीच माझ्या मांडीवर ठेवली. "मला दुसरीचं लुगडं आंगाला लागत न्हाई गं. तूच नेस." ती पालमच्या बाजारातून स्वतः बघून, स्वतः घासाघीस करून निळ्या चौकड्यांचं जाडंभरडं लुगडं आणायची. दिवाळीला भावानं दिलेलंसुद्धा नेसायची नाही, कपाळाला लावून ठेवून द्यायची. मला त्या वेळी फार राग आला होता.

आता ज्यासाठी हे लिहायला बसले, त्याकडं येते. आमच्याकडं हल्ली माणूस गेलं की पहिली धावाधाव फ्लेक्सची. 'भावपूर्ण श्रद्धांजली', खाली शोकाकुल मंडळींची नावं. दादा म्हणाला, तू शिकलेली, ते तू बघ. आत्याचा एकटीचा फोटो एकच होता. वळूचा फोटो काढायला फोटोग्राफर आखाड्यावर आला होता तेव्हाचा. ती आपल्या घोडीवर बसली आहे, कासोटा खोचलेला, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला, आणि तोंड उघडं टाकून हसते आहे. आखाड्यावरच्या तिच्या खोलीत तो काचेत लावलेला होता. मी मोबाइलवर त्याचाच फोटो घेऊन पाठवला. थोड्या वेळानं फ्लेक्सवाल्या पोराचा फोन. "मॅडम, बाई घोड्यावर हायत. पदरबी न्हाई. चालंन का? आमच्याकडं बॉडी तयार ऱ्हाते, नुसता चेहरा बसवायचा. लय सोज्वळ दिसतंय."

मी काय म्हणायला हवं होतं ते माझ्या जिभेवर होतं. पण त्याच आठवड्यात माझ्या लेकीची, मुक्ताची, सोयरीक जुळत आली होती. आणि कुठं? सेलूलाच. घराणं चांगलं, मुलगा चांगला, आणि तेराव्याला ती माणसं भेटायला येणार होती. सेलूची म्हणून मी आधीच धास्तावले होते. सासरच्यांनी परत आणून घातलेली आत्या, आणि त्यावर घोडीवरचा हा फोटो... पोरीचं काय होईल? मी म्हणाले, तुम्हाला योग्य वाटेल तसं करा. नंतर त्यानं नमुना पाठवला, तोही मी बघितला. बघून 'ओके' लिहिलं. अजाणता झालं, असं म्हणायची सोयसुद्धा मी ठेवलेली नाही.

तेराव्याला मांडवात तो फ्लेक्स लागला. हिरवी काठपदराची साडी, डोक्यावरून पदर, बोटं जुळवून नमस्कार, गळ्यात ठुशी आणि मंगळसूत्र. त्याच्यावर आत्याचं तोंड. हसू उघडं दिसत होतं म्हणून त्या पोरानं ओठसुद्धा मिटवले होते. आयाबाया हात जोडून पुढं जात होत्या. किती मायाळू चेहरा, असंही कुणी म्हणालं. माझा जीव भांड्यात पडला होता, खरं सांगते. दादा मांडवाच्या खांबाशी उभा होता. तो फ्लेक्सकडं बघत नव्हता, एवढं माझ्या ध्यानात आलं होतं, पण मला त्या दिवशी दादाकडं बघायला वेळ कुठं होता!

सेलूची मंडळी आली. मुलाचे आईवडील आणि मुलाची आजी. आजी पार थकलेली, दोघांनी धरून आणलेली. एवढ्या लांब ह्यांना कशाला आणलं, असं मी म्हणाले, तर मुलाची आई म्हणाली, ऐकेचनात, येतेच म्हणाल्या. आजी फ्लेक्ससमोर उभी राहिली. डोळ्यांवर हात धरून तिनं बराच वेळ बघितलं आणि मग मला विचारलं, "ही कोण? मी तर कौसासाठी आले व्हते."

मी तिचा हात धरून तिला बाजूला नेलं. आजीला खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं. मग तिनं सांगितलं. ती नुकतीच लग्न होऊन सेलूला आली होती. स्टेशनवरून टांग्यानं घरी येताना बाजारात घोडं उधळलं. टांगेवाला पडला. मोंढ्यात, बाजारपेठेत, कापसाच्या गाड्या लागलेल्या, लोक वाट सोडून पळाले. एका दारातून एक तरणी सून धावत आली आणि तिनं घोड्याचा लगाम धरला. लोंबकळत, फरफटत गेली, पण सोडला नाही. घोडं थांबलं तेव्हा तिचं लुगडं फाटलं होतं, डोक्यावर पदर नव्हता, आणि सगळा बाजार बघत होता. तिनं घोड्याच्या मानेवर थोपटलं आणि टांग्यातल्या नव्या नवरीला विचारलं, लागलं का गं? त्या तमाशासाठीच सासरच्यांनी तिला माहेरी आणून घातलं.

"टांग्यात मी व्हते," आजी म्हणाली. "तुमच्या घरची पोरगी हाय म्हणलं तवाच मी हो म्हणले. कौसाच्या घरची... आन् तुमी तिला झाकून कामून ठिवलं?"

मांडवात जमीन दुभंगावी असं वाटणं म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं. कारण आजीनं ते रागानं विचारलं नव्हतं, तिला खरोखर कळत नव्हतं. मुक्ता माझ्या शेजारी उभी होती. तिनं माझ्याकडं बघितलं आणि सगळं ओळखलं. त्यानंतर ती माझ्याशी नीट बोलते, विचारलेल्याचं उत्तर देते, पण आपणहून काही सांगत नाही.

गेल्या रविवारी आम्ही आखाड्यावर गेलो. आजीनं आत्याचा खरा फोटो मागितला होता, तो न्यायला. आत्याच्या खोलीत खिळ्याला फोटो तसाच होता. माझा हात वर जाईना, मुक्तानंच तो काढला, पुसला आणि माझ्या हातात दिला. बाहेर आले तर कडब्याच्या गंजीवर फ्लेक्स अंथरलेला. आमच्याकडं कार्य उरकलं की फ्लेक्सचा तोच उपयोग, पाण्यापावसापासून कडबा झाकायला. पण छापलेली बाजू आत होती, वर नुसतं पांढरं. मी दादाला विचारलं, उलटा का टाकलास?

"तिच्या आंगावर दुसरीचं लुगडं बघवंना," दादा म्हणाला. मग आधीच का बोलला नाहीस, असं मी विचारलं, जरा चढ्या आवाजातच. त्यानं हातातली पेंढी गाईपुढं टाकली. "तू शिकलेली. म्हणलं, तुला कळत असंल."

परतताना गाडीत मी फोटो मांडीवर घेऊन बसले होते. मुक्ता पुढं बसली होती, मागं वळून बघत नव्हती. परभणी येईपर्यंत मी तो पालथा धरला होता, फोटोची काच मांडीकडं करून.